कॅरॅव्हानचा डावा टायर

“उद्या सुट्टी आहे. तो डावा टायर बदलून टाकू म्हणतो,” एवढं दारातूनच बोलून मुलगा परत फिरला, आणि नानांचा चहा कपातच राहिला.

टायर म्हणजे नानांच्या घराचा टायर. मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यायची एक जुनी कॅरॅव्हान मुलाच्या घरामागच्या अंगणात उभी होती आणि बायको गेल्यापासून नाना तिच्यात राहत होते. आत पलंग, टेबल, शेगडी, हात धुवायला बेसिन आणि भिंतीवर लंबकाचं घड्याळ. जेवण मुलाच्या घरी, झोप आपल्या घरी. ना नानांचा पाय कुणाच्या मध्ये येत होता, ना कुणाचा नानांच्या. व्यवस्था बरी चालली आहे असं निदान नाना तरी समजत होते.

आणि आता हा टायर. नानांनी चहा बाजूला ठेवला आणि विचार सुरू केला. उभ्या गाडीला टायर कशाला लागतो? नुसतं उभंच राहायचं असेल तर गाडीला चाक असलं काय आणि नसलं काय. टायर बदलायचा तो गाडी हलवायला. गाडी हलवायची म्हणजे गाडीत राहणाऱ्यालाही हलवायचं. हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. कळत नव्हतं ते एवढंच, की कुठे?

आता पाच पावलांवर घर होतं. जाऊन विचारलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. पण या घराण्यात विचारायची रीतच नव्हती. नानांचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. तिथे एके दिवशी मुलगा एक फोटो घेऊन आला. फोटोत तो स्वतः आणि शेजारी एक हसरी मुलगी. “सोनेरी पट्टी लावा,” मुलगा म्हणाला. नानांनी फोटो पाहिला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “परवा तयार होईल.” आपल्याला सून येणार हे नानांना असं कळलं. पुढे बायकोचे तपासणीचे कागद आले तेव्हा मुलाने काही न बोलता मोटार दारात आणून लावली, नानांनी काही न बोलता चपला घातल्या. लोक म्हणायचे, बापलेक किती समजूतदार, न बोलता एकमेकांचं ओळखतात. खरं सांगायचं तर दोघेही घाबरट होते. विचारलं तर उत्तर येईल, ही भीती.

संध्याकाळी सून आली. हीच ती फोटोतली हसरी मुलगी. तिच्या माहेरी सगळे एकाच वेळी बोलत, त्यामुळे तिला गप्प बसणाऱ्या माणसांचा अजून सराव झाला नव्हता.

“नाना, आतलं सगळं नीट बांधून ठेवा हं. उद्या हलेल तेव्हा पडायला नको. काचेचं काही असेल तर माझ्याकडे द्या.”

“बरं,” नाना म्हणाले.

“आणि मामांना बोलावलंय. त्यांना यातलं कळतं. त्यांच्याकडे जॅक आहेत.”

“बरं.”

ती गेली. उरलीसुरली शंका होती तीही फिटली. नानांना वाईट वाटलं. राग आला नाही, तो आला असता तर बरं झालं असतं, रागात माणसाला कामं सुचतात. त्यांनी पलंगाखालची सुटकेस काढली आणि भरायला घेतली. पण भरायचं काय, हा घोळ होता. लेकीच्या गावी न्यायचं असेल तर तिथे घामाच्या धारा, पातळ सदरे हवेत. धाकट्या भावाकडे न्यायचं असेल तर तिथे हाडं गोठतात, स्वेटर हवा. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी ती जागा असते, बाग असलेली, तिथे न्यायचं असेल तर? तिथे काय घालतात? नानांनी पातळ सदरेही घेतले, स्वेटरही घेतला आणि बागेसाठी टोपी घेतली. भिंतीवरचा बायकोचा फोटो काढून टॉवेलात गुंडाळला आणि कपड्यांच्या मध्ये ठेवला. खुंटीला तिचा निळा स्वेटर होता, तो मात्र हातात घेऊन परत खुंटीलाच लावला. सुटकेस पलंगाच्या कडेला उभी करून ठेवली. घड्याळ काढायला हात धजला नाही. चालत्या घड्याळाला कसं थांबवायचं?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅरॅव्हान बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, हिला चढली आहे. डाव्या टायरची हवा हळूहळू जात गेली होती. बेसिनचं पाणी त्याच बाजूला जमिनीत मुरायचं, त्यामुळे कॅरॅव्हान ज्यांच्यावर टेकते त्या लोखंडी पायांपैकी डावीकडचे दोन मातीत रुतले होते. घर दर ऋतूला थोडं थोडं डावीकडे झुकत होतं. पण जन्मभर ज्या माणसाने एकही चौकट वाकडी टांगू दिली नाही तो वाकड्या टेबलावर जेवेल कसा? घर जरा झुकलं की नाना दुकानातून आणलेल्या पट्ट्यांच्या तुकड्यांमधून एक पाचर तासायचे आणि टेबलाच्या डाव्या पायाखाली सारायचे. मग पलंगाखाली. मग शेगडीखाली, भांड्यांच्या फळीखाली, घड्याळाच्या मागे. प्रत्येक वेळी पाणसळ ठेवून, तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत. त्यामुळे बाहेरून घर वाकडं आणि आतून रेघेसारखं सरळ होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण आत कुणी येतच नव्हतं. सून यायची ती हातात ताट नाहीतर कपडे घेऊन, घाईत. मुलगा तर पहिल्या दिवशी आत आला होता, खुंटीवरचा निळा स्वेटर पाहिला आणि बाहेर गेला. त्यानंतर तो कायम पायरीवर उभा राहून बोलायचा. त्याला वेळ नसतो, अशी नानांनी स्वतःची समजूत घातली होती.

सकाळी मामा आले. सुनेचे मामा, जन्म ट्रकवर गेलेला. आता ट्रक सुटला होता पण आवाज अजून ट्रकच्या बरोबरीचाच होता. त्यांनी डिकीतून तीन जॅक काढून अंगणात ओळीने मांडले, जणू आता ते विकायलाच बसणार आहेत. मुलगा नवा टायर ढकलत घेऊन आला. नाना हात पाठीमागे बांधून उभे राहिले. जॅक पाहून आपल्याला किती लांब पाठवताहेत याचा काही अंदाज येतो का, ते पाहत होते. मोठा जॅक म्हणजे लांबचा प्रवास, छोटा म्हणजे जवळचा, असं काहीसं त्यांच्या डोक्यात चाललं होतं. त्याला अर्थ नाही हे त्यांनाही कळत होतं, पण विचारायचं नाही म्हटल्यावर माणूस कशावरूनही अंदाज बांधतो.

“जॅक कशाला हवाय एवढा?” मुलगा म्हणाला. “हिला चार पाय दिलेच आहेत. हँडल फिरवलं की पाय खाली जातात, म्हणजे घर वर येणारच.”

त्याने डावीकडच्या पायाला हँडल लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. पाय कुरकुरला, मग कण्हला, मग मधूनच वाकायला लागला. घर जागचं हललं नाही.

“थांबा, जावईबापू, थांबा,” मामा म्हणाले. “ते पाय टेकायला असतात, उचलायला नाही. म्हातारा काठीवर टेकतो. काठी कधी म्हाताऱ्याला उचलून चालली आहे का?”

मुलगा ओशाळून हसला. नाना हसले नाहीत. म्हाताऱ्याचं उदाहरण मामांनी मुद्दाम दिलं की सहज, ते त्यांना ठरवता येईना.

“आधी मोटार आणा आणि पुढे जोडा,” मामांनी हुकूम सोडला.

“जोडायलाच हवी का?” नानांच्या तोंडून निसटलं. कालपासून त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

“जोडल्याशिवाय मी हात लावत नाही, नाना. सुटी गाडी आणि सुटं वासरू, कधी पळेल नेम नसतो. जॅकवर चढवली आणि सरकली तर कुणाच्या तरी पायावर येईल.”

कारण चोख होतं. नानांना ते नीट ऐकूही आलं. पण मनाने एकदा निकाल लावला की त्याला कारणं ऐकू येऊनही पटत नाहीत. मुलगा मोटार उलटी घेत घेत आला, सून मागे उभी राहून हात हलवत होती, “ये, ये, अजून, अजून,” आणि खटकन आवाज होऊन नानांचं घर मुलाच्या मोटारीला जोडलं गेलं. नानांना वाटलं, निदान जेवण झाल्यावर तरी निघतील.

मग मामांनी हँडब्रेक ओढला, उजव्या चाकाला पुढून मागून विटा लावल्या आणि पाना काढला. “नट आधी ढिले करायचे. घर वर उचललं आणि मग पान्याशी झटापट केली की घर डोलतं, आणि आपण त्याच्याखाली.” नट गंजून बसले होते. मुलाने जोर लावून पाहिला, तोंड लाल झालं. शेवटी मामा स्वतः पान्यावर उभे राहिले आणि त्यांच्या पोटाच्या वजनाने एकेक नट कुरकुरत सैल झाला. आयुष्यभर खाल्लेलं असं कामी आलं.

आता जॅक. मामांच्या मते सगळ्यात ताकदवान होता तो बाटलीच्या आकाराचा, तेलावर चालणारा. “हा हत्ती उचलेल,” ते म्हणाले. फक्त टायर बसल्यामुळे घर इतकं खाली आलं होतं की हत्ती उचलणारा तो गडी खाली शिरतच नव्हता. मामांनी आडवा करून पाहिला, वाकवून पाहिला, मग त्याच्याकडेच रागाने पाहिलं.

“यातला तो मोटारीचा छोटा जॅक आहे ना,” मुलगा म्हणाला. “तो बसेल.”

“तो बसेल हो. पण तो मोटार उचलायचा, घर नाही.”

“बघू तर खरं.”

बसला. मुलगा गुडघ्यांवर बसून हँडल फिरवायला लागला. हँडल फिरत होतं, जॅकच्या दोन लोखंडी तंगड्या उभ्या राहत होत्या आणि तरीही घर तिथेच होतं. सगळे वाकून पाहायला लागले. हा काय चमत्कार, कुणाला काही उमजेना. मग सुनेच्या लक्षात आलं.

“अरे, घर वर जात नाहीये. जॅक खाली चाललाय.”

खरंच, बेसिनच्या पाण्याने भुसभुशीत झालेल्या मातीत तो छोटा जॅक शांतपणे स्वतःला पुरून घेत होता. मुलाने हात थांबवला, पण उशीर झाला होता. जॅक कलंडला आणि घर धाडकन होतं त्या जागी आलं. आत काहीतरी पडलं. आधी जड, मग हलकं, मग काहीतरी गडगडत लांब गेलं.

नाना पायरीकडे निघाले. मामांनी दंड धरला. “आता आत जायचं नाही. टायर चढेपर्यंत कुणीच आत जायचं नाही.”

“पण आत पडलंय काहीतरी.”

“पडलेलं अजून काय पडणार आहे?”

नाना थांबले. गडगडत गेलं ते खिळ्यांचं डबडं, हे त्यांना आवाजावरून कळलं. हलकं ते चहाच्या डब्याचं झाकण. जड काय, ते ओळखता येईना. आपलंच घर, आपल्याच वस्तू आणि आपण बाहेर उभे. उद्यापासून असंच असेल का?

उरला तिसरा जॅक, चाकांवरचा, बुटका, लांब दांड्याचा. तो खाली छान शिरत होता, पण त्याची चाकं मातीत रुतली असती. “खाली फळी हवी,” मामा म्हणाले. “जाडजूड.” मुलगा सापडतील त्या फळ्या आणून दाखवू लागला. “ही नको, ही बिस्किटासारखी मोडेल. ही पण नको.”

नाना पायरीपाशी गेले आणि पायरीखाली सरकवून ठेवलेली फळी ओढून आणली. दुकानातली कामाची फळी. तिच्यावर त्यांनी जन्मभर पट्ट्या कापल्या होत्या, सगळ्या अंगावर करवतीच्या खुणा. दुकान बंद केलं तेव्हा पट्ट्यांचे तुकडे आणि हत्यारं सोडली तर एवढी एकच वस्तू त्यांनी आणली होती.

“नाना, ही नको,” मुलगा म्हणाला.

“घे. मला आता कुठे लागणार आहे?”

मुलाला हे वाक्य विचित्र वाटलं. त्याने तोंड उघडलं, नानांकडे पाहिलं आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे मिटून घेतलं. फळी जॅकखाली गेली.

मामा पोटावर झोपून घराखाली पाहू लागले. “लोखंडी तुळईला लावायचा, चाकाजवळ. तळाच्या पत्र्याला लावला तर घर वर येणार नाही, जॅकच थेट नानांच्या पलंगावर निघेल.” जागा सापडली. मामांनी दांडा खाली दाबला, वर घेतला, खाली दाबला. फळी करकरली पण मोडली नाही. आणि घर उठायला लागलं.

नाना कान लावून उभे होते. आतली प्रत्येक वस्तू आपापल्या जागेवरून बोलत होती. कपाटाचं दार आपोआप उघडलं, त्याची बिजागरी कुरकुरली. शेगडीवरचं भांडं सरकत सरकत भिंतीला टेकलं. टेबलावरून चमचा पडला. घर सरळ होत होतं आणि आत सगळं पडत होतं, हे कसं, ते बाकी कुणाला कळलं नाही. आणि मग नानांना ऐकू आलं की काहीतरी ऐकू येत नाही. घड्याळ थांबलं होतं.

बाकीचं काम भराभर झालं. जुना टायर निघाला, हात लावताच त्याचं रबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं. नवा चढला. नट हाताने घट्ट केले, मग घर खाली उतरवलं, मग मामा पुन्हा एकदा पान्यावर उभे राहिले. वाकलेला पाय ठोकून सरळ केला, रुतलेल्या पायांखाली विटा घातल्या.

मामांनी नव्या टायरवर थाप मारली. “आता खुशाल न्या जगाच्या टोकाला.”

मुलगा हसला. नानांनी ते हसणं पाहिलं आणि मान खाली घातली.

“बघा नाना,” मुलगा मागे सरकून, डोळा बारीक करून म्हणाला. “झालं की नाही सरळ?”

त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो नानांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. आपण जाणार याचा एवढा आनंद होतो का माणसाला? “छान झालं,” ते म्हणाले, कारण खरंच छान झालं होतं, आणि सुटकेस आणायला पायरी चढले.

पायरी नेहमीपेक्षा उंच लागली. त्यांनी दार उघडलं आणि चौकट घट्ट धरली. आत घर नव्हतंच त्यांचं. टेबल उजवीकडे उतरलेलं. पलंग उजवीकडे कललेला, त्यावरची उशी भिंतीत तोंड खुपसून बसलेली. भांड्यांची फळी तिरकी, शेगडी तिरपी, घड्याळ मान वाकडी करून गप्प. नानांना कळेना की घर फिरतंय की आपलं डोकं. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि ते भलतीकडेच पडलं.

“नाना!” मुलगा मागून धावला. पायरीवर थांबायचं तो विसरला. त्याने आत येऊन बापाचे दोन्ही खांदे धरले आणि मग त्याच्या पायाला काहीतरी लागलं. सुटकेस. मघाचं जड ते हेच होतं. झाकण उघडून ती जमिनीवर पालथी पडली होती. पातळ सदरे, जाड स्वेटर, दाढीचं सामान, टोपी आणि टॉवेलातून अर्धवट बाहेर आलेला आईचा फोटो.

मुलाने सुटकेसकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. आणि घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला.

“कुठे निघालात तुम्ही?”

“ते तू सांगायचंस ना.”

“मी? मी काय सांगायचं?”

“कुठे नेणार ते. तू बोलला नाहीस, म्हणून मी दोन्ही घेतले. पातळ पण आणि जाड पण.”

“कोण नेणार? कुणाला?”

“टायर बदललास ना. मोटार जोडलीस.”

सून दारात येऊन उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे. “तुम्ही दोघं माणसं आहात की खांब?” ती म्हणाली. “काल संध्याकाळी मी समोर उभी होते, नाना. मला विचारायचं होतंत. आणि तू. टायर कशाला बदलतोय एवढं सांगायला तोंड नव्हतं तुला? बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि तुमचे गहूसुद्धा पडून राहतात.”

मुलगा पलंगाच्या कडेवर बसला, बसल्याबरोबर उजवीकडे घसरला आणि भिंतीला धरून सावरला.

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचं हे घर,” तो म्हणाला. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द अडखळत येत होते. “रोज थोडं जास्त झुकलेलं. वाटायचं, बाप आपला उतारावर झोपतो, आणि आपण सरळ पलंगावर. मला झोप लागायची नाही. म्हटलं, सरळ करून द्यावं.”

“अरे, सरळच होतं आत,” नाना म्हणाले.

“म्हणजे?”

नानांनी टेबलाच्या पायाकडे बोट दाखवलं. मुलगा वाकला. पायाखाली पाचरींची चवड होती. सर्वांत वरची सोनेरी पट्टीची, ती त्याने लगेच ओळखली, त्याच्या स्वतःच्या फोटोच्या चौकटीतली उरलेली. तिच्याखाली तपकिरी, तिच्याखाली काळी. तो पलंगाखाली पाहायला लागला, शेगडीखाली, फळीखाली. ज्या घराला सरळ करायला तो सकाळपासून राबला होता ते बापाने कधीच सरळ करून ठेवलं होतं, आणि हे कळायला आत यावं लागत होतं. त्याने वर पाहिलं तर खुंटीवर निळा स्वेटर होता. या वेळी तो बाहेर गेला नाही.

मामाही तोवर दारात पोचले होते. “एवढंच ना? काढा त्या पाचरी. दहा मिनिटांचं काम.”

“काढू की,” नाना लगेच म्हणाले. मुलाने एवढी मेहनत केली, नवा टायर आणला, आता तो म्हणेल तसं. ते खाली बसले आणि सोनेरी पाचरीला हात घातला. ती निघण्यासारखी होती, पण त्यांची बोटं तिला ओढीनात. किती संध्याकाळी या कामात गेल्या होत्या. बायको गेल्यानंतर घर झुकत होतं आणि ते एकटे ते तोलत होते, आणि ते जमतंय याचं त्यांना किती बरं वाटायचं, हे कुणाला सांगणार?

मुलाने ती बोटं पाहिली. तो उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. झालं, नानांना वाटलं, पुन्हा न बोलता गेला.

बाहेर आधी डावीकडच्या पायाचं हँडल उलटं फिरत कुरकुरलं. एकदा, मग दुसऱ्या कोपऱ्यात. आणि मग सूं करून आवाज आला.

“अहो जावईबापू, काय करताय?” मामा ओरडत पायरी उतरले. “नव्या टायरची हवा सोडताय? असा बसून राहिला तर सडेल तो. उद्या घर कुठे न्यायचं म्हटलं तर हलणार नाही जागचं.”

“मामा, हे घर कुठेही जाणार नाहीये,” मुलगा म्हणाला. तो मोठ्याने बोलत होता. मामा तर शेजारीच उभे होते. “नाना इथेच राहणार. टायर सडला तर सडू दे.”

नाना जमिनीवरच बसून होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण सून तिकडे तोंड फिरवून उगीचच चमचे गोळा करत होती. घर हळूहळू डावीकडे यायला लागलं. त्यांनी खिशातून पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला दडून बसला होता. तो निघाला, सावकाश मध्याकडे सरकू लागला.

“अजून सोडू का?” बाहेरून प्रश्न आला.

“थोडी अजून,” नाना म्हणाले.

“आता?”

“जराशी. हळू.” बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला आणि थांबला. “पुरे. आत ये.”

मुलगा पाय झटकून आत आला, सवयीने पायरीवर घुटमळला आणि मग आलाच. नानांनी लंबकाला बोटाने धक्का दिला, घड्याळ चालायला लागलं. वेळ चुकलेली होती, पण ती लावायला कुणालाच घाई नव्हती. मुलाने टॉवेलातून आईचा फोटो काढला, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली, भिंतीवरचा खिळा शोधला आणि फोटो टांगला. मग एक पाऊल मागे येऊन त्याने विचारलं, “सरळ आहे का?”

नानांनी पाहिलं. डावा कोपरा केसभर खाली होता. दुकानात असं टांगलं असतं तर त्यांनी कुणाला सोडलं नसतं.

“आहे,” नाना म्हणाले.